पती, पत्नी आणि पुरावा

दुष्काळी पट्ट्यातली माणसे जगायला बाहेर पडतात. आटपाडी, खानापूर आणि त्यांना लागून असलेल्या सांगोला तालुक्यातल्या गावांतून सोन्या-चांदीच्या गलाईसाठी गेलेला माणूस तामिळनाडूत भेटेल, बिहारमध्ये भेटेल, आसामातही भेटेल. बायको गावी आणि नवरा परमुलखात असे संसार इथे पिढ्यान्‌पिढ्या झाले. त्या काळी नवऱ्याचे आंतरदेशीय पत्र आले की ते शाळेत जाणारा पुतण्या नाहीतर शेजारचा मुलगा ओसरीवर बसून सगळ्यांच्या देखत वाचून दाखवी. सासूबाई जात्याशेजारी, दीर उंबऱ्यात, आणि जिच्यासाठी पत्र यायचे ती दाराआड. उत्तराचा मजकूरही त्याच मुलाच्या हातचा. मनिऑर्डरीच्या कुपनावरच्या चार ओळींचीही तीच गत. पुढे एस.टी.डी.ची काचेची खोली आली. तिथेही मागे रांग उभी असे आणि डोळ्यांसमोर मीटर पळत असे. नवरा-बायकोला तिसऱ्या कानावाचून एकमेकांशी बोलता येऊ लागले ते हातात मोबाइल आल्यावर. आणि त्याच मोबाइलच्या पोटात बोललेला शब्द न् शब्द साठवून ठेवण्याची सोयही आली!

या सोयीचा न्याय करण्याची वेळ अखेर सर्वोच्च न्यायालयावर आली. १४ जुलै २०२५ रोजी न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. सतीशचंद्र शर्मा यांच्या खंडपीठाने निकाल दिला, की घटस्फोटाच्या दाव्यात पतीने पत्नीला न सांगता केलेले दूरध्वनी-संभाषणाचे मुद्रण पुरावा म्हणून दाखल करता येईल. प्रकरण पंजाबातल्या भटिंड्याचे. तिथल्या कुटुंब न्यायालयाने २०२० साली पतीला ही ध्वनिमुद्रिका आणि तिचा लेखी उतारा दाखल करायला परवानगी दिली होती. पत्नी उच्च न्यायालयात गेली. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये ती परवानगी रद्द केली. पत्नीच्या नकळत तिचे बोलणे टिपणे हा तिच्या खासगीपणावर सरळ घाला आहे, असे त्या न्यायालयाचे म्हणणे पडले. सर्वोच्च न्यायालयाने ते मत फिरवले आणि कुटुंब न्यायालयाचा आदेश कायम केला.

निकाल आला तेव्हा दोन टोकांच्या प्रतिक्रिया उमटल्या. आता घराघरांत हेरगिरी सुरू होणार, अशी भीती काहींना वाटली. खोटे बोलणाऱ्या जोडीदाराला आता तरी चाप बसेल, असे दुसऱ्यांना वाटले. दोघांनीही कायदा काय आहे हे पुरते पाहिलेले नाही. तो पाहायचा तर थोडे मागे जावे लागेल.

१८७२ सालच्या पुरावा कायद्यात कलम १२२ होते. १ जुलै २०२४ पासून जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला आणि हेच कलम तिथे १२८ या क्रमांकाने जाऊन बसले. त्याचा आशय असा. लग्नाच्या काळात जोडीदाराने आपल्याला जे सांगितले ते कोर्टात सांगण्याची सक्ती कोणावरही करता येणार नाही. एवढेच नाही, तर सांगणाऱ्याची संमती नसेल तर ऐकणाऱ्याने आपणहून सांगतो म्हटले तरी कोर्ट त्याला सांगू देणार नाही. अपवाद दोन: नवरा-बायकोत आपसांत चाललेला दावा, आणि एकाने दुसऱ्याविरुद्ध केलेल्या गुन्ह्याचा खटला.

नीट पाहिले तर या कलमाने बांधून ठेवले आहे ते ऐकणाऱ्याचे तोंड. बोलणाऱ्यावर बंधन नाही. नानावटी खटला जुन्या पिढीला आठवत असेल. २७ एप्रिल १९५९ रोजी सिल्व्हियाने आपल्या नौदल अधिकारी पतीला प्रेम आहुजाशी असलेले संबंध सांगितले आणि पुढचे सगळे रामायण घडले. त्या खटल्यात सिल्व्हिया स्वतः बचाव पक्षाची साक्षीदार म्हणून उभी राहिली. आपण नवऱ्याला काय सांगितले हे सांगायला तिला या कलमाची आडकाठी नव्हती. ते गुपित तिचे होते आणि ते उघड करण्याचा हक्कही तिचाच.

शब्द आणि कृती यांतही फरक केला जातो. १९५४ साली निवाडा झालेल्या उत्तर प्रदेशातल्या एका खुनाच्या खटल्यात पत्नीने साक्ष दिली होती, की त्या पहाटे नवरा छपरावरून उतरला, भुशाच्या कोठीत गेला, मग त्याने अंघोळ केली. नवरा आपल्याला काय म्हणाला तेही तिने सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने तिने डोळ्यांनी पाहिलेले ठेवले आणि कानांनी ऐकलेले वगळले. बायकोच्या डोळ्यांना कायद्याने मोकळीक दिली आहे, कानांना नाही.

आणि पत्राचे काय? त्याचाही निकाल लागलेला आहे, आणि त्या पत्रावर शिक्का मुंबईचा होता. १९६४ च्या जुलैत मुंबईत नोकरीला असलेल्या एका गृहस्थाने त्रिवेंद्रमला माहेरी असलेल्या पत्नीला तीन पत्रे लिहिली आणि त्यांत सासऱ्याची भरपूर निंदा केली. मुलीने ती पत्रे वडिलांच्या हातात ठेवली. वडिलांनी जावयावर अब्रुनुकसानीची फिर्याद लावली! हा झगडा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६८ साली न्यायालयाने सांगितले, की पत्नीला या पत्रांबद्दल साक्ष देता येणार नाही, लग्न नंतर मोडले तरीही नाही. पण पत्र तिच्या साक्षीवाचून दुसऱ्या मार्गाने शाबित करता येत असेल तर त्याला बंदी नाही. म्हणजे संरक्षण तोंडाला, कागदाला नव्हे. भटिंड्याच्या प्रकरणातल्या यंत्राची वाट तिथेच अर्धी मोकळी झाली होती.

उरलेली अर्धी वाट मुंबईच्या लाचखोरांनी मोकळी करून दिली. ध्वनिफितीच्या पुराव्यावरचे आपले दोन मोठे निवाडे महाराष्ट्रातले आहेत. १९६७ सालच्या निवाड्यात पोलिसांनी टेपरेकॉर्डर दडवून ठेवून लाच देणाऱ्याचे संभाषण टिपले होते. १९७२ सालच्या मलकानी खटल्यात आरोपी होते खुद्द मुंबईचे कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी. एका डॉक्टरच्या फोनला लाचलुचपत खात्याने त्याच्या संमतीने टेपरेकॉर्डर जोडला आणि कॉरोनरसाहेबांचे बोलणे पकडले. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की आवाज ओळखला गेला, फीत बिनचूक व भेसळमुक्त असल्याचे दिसले आणि मजकूर वादाशी संबंधित असला, तर पुरावा मिळवण्याची रीत गैर होती एवढ्यावरून तो फेकून देता येणार नाही. २०२५ च्या निकालातही कसोट्या याच तीन: संबंध, ओळख, अचूकता.

आता कुणी म्हणेल, की १९७२ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला नव्हता, तो ठरला २४ ऑगस्ट २०१७ रोजी, नऊ न्यायमूर्तींच्या पुट्टस्वामी निकालाने. मग जुन्या निवाड्यांना काय किंमत? प्रश्न रास्त आहे. इथे एक गमतीचा योग सांगितला पाहिजे. क्रूरतेच्या कारणावरून विभक्त होण्याच्या दाव्यांत आजही ज्याचा हवाला दिला जातो तो १९७५ चा दास्ताने निवाडा पुण्याच्या दाम्पत्याचा आणि तो लिहिला न्या. यशवंतराव चंद्रचूड यांनी. त्या निवाड्यात नवरा-बायकोची पत्रेच्या पत्रे वाचली, तोलली गेली. ती कोर्टात कशी आली, याने कुणाच्या खासगीपणाला धक्का बसला का, असा प्रश्न तिथे कुणाला पडला नाही. बेचाळीस वर्षांनी पुट्टस्वामी खटल्यातले प्रमुख निकालपत्र लिहिले ते त्यांचे चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड यांनी. पिता-पुत्रांच्या या दोन निकालपत्रांमध्ये आपला समाज केवढा सरकला!

पण पुट्टस्वामी निकालातला हक्क मुख्यतः सरकारच्या विरोधातला आहे. स्वयंपाकघरातल्या दोन माणसांत तो कसा लागू करायचा? २०२५ च्या खंडपीठाने यावर स्पष्ट भूमिका घेतली. कलम १२२ हे लग्नसंस्थेच्या पावित्र्यासाठी आहे, पती किंवा पत्नीच्या व्यक्तिगत खासगीपणासाठी ते केलेले नाही. आणि दोघेच एकमेकांविरुद्ध उभे असतील तेव्हा ते आपणहून बाजूला होते. हेरगिरीला उत्तेजन मिळेल या आक्षेपावर न्यायालयाचे उत्तर असे, की नवरा-बायको एकमेकांवर पाळत ठेवण्यापर्यंत पोचले असतील तर ते नाते मोडल्याचे लक्षण आहे, मोडण्याचे कारण नव्हे.

कायद्याचा अर्थ लावण्याच्या दृष्टीने हा निकाल बरोबर आहे, असे माझे मत आहे. कलमात अपवाद स्वच्छ लिहिलेला असताना तो नाही असे कसे म्हणणार? शिवाय दुसरी बाजू घरातल्या वास्तवाची आहे. छळ चार भिंतींत होतो. साक्षीला सासू असते आणि ती मुलाच्या बाजूने बोलते. शेजारीण ऐकते, पण कोर्टाची पायरी चढत नाही. उद्या त्याच विहिरीवर पाणी भरायचे असते. अशा बाईजवळ तिच्या मोबाइलशिवाय साक्षीदार कोण आहे? ‘माहेरून पैसे आण’ हे वाक्य तिच्या फोनने टिपले असेल आणि नवऱ्याच्या खासगीपणाच्या नावाखाली कोर्टाने ते ऐकायचेच नाही असे ठरवले, तर त्या खासगीपणाचा खरा लाभ कुणाला? सुशिक्षित शहरी चर्चेत हा मुद्दा फार लवकर निसटतो.

‘लक्षण’ आणि ‘कारण’ यांची विभागणी मात्र मला पटत नाही. आपल्याकडे पुष्कळ घरांत बायकोचे सिमकार्ड नवऱ्याच्या नावावर असते. फोन त्याने घेऊन दिलेला, त्याचा कुलूप-आकडा त्याला ठाऊक, संध्याकाळी तो हातात घेऊन चाळणे हा त्याला हक्कच वाटतो. तिथे नाते मोडलेलेही नसते. पाळत हीच तिथली रोजची रीत असते, आणि ओसरीवर पत्र वाचले जात होते त्या काळाचा हा वारसा आहे. त्या घरातल्या बाईने नवऱ्याच्या फोनला हात लावून पाहावा! निकाल दोघांना सारखाच लागू आहे, पण यंत्र दोघांच्या हातात सारखे नाही. १८६० च्या दंड संहितेतले व्यभिचाराचे कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली रद्द केले, तरी घटस्फोटाचे कारण म्हणून व्यभिचार कायम आहे. त्यामुळे फोन चाळणाऱ्याला शोधायला काहीतरी असतेच.

दुसरी अडचण पुराव्याच्या स्वभावातली आहे. मुद्रण चालू आहे हे दोघांपैकी एकालाच माहीत असते. जो जाणतो तो तोलून बोलतो, सभ्य होतो, आठवण करून देतो, डिवचतो. जो जाणत नाही तो संतापतो. पुढे कोर्टात वाजते ती फीत, तिच्यात एक शांत माणूस आणि एक आक्रस्ताळे माणूस ऐकू येते. दास्ताने निवाड्याने असेही ठरवून दिले आहे, की अशा दाव्यांत फौजदारी खटल्यासारखा संशयातीत पुरावा लागत नाही, शक्यतेचे पारडे कुठे झुकते एवढेच पाहायचे. मग चार मिनिटांची एक फीत ते पारडे सहज झुकवू शकते. आवाजाची हुबेहूब नक्कल संगणकाकडून करून घेता येऊ लागल्यावर तर ‘हा माझा आवाज नाही’ हे खरे बोलणारा आणि खोटे बोलणारा दोघेही म्हणणार.

म्हणून खरी लढाई फीत दाखल झाल्यानंतर आहे. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत दोन भागांचे प्रमाणपत्र लागते. एक भाग दाखल करणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. आणि त्यात त्या फाइलचा ‘हॅश’, म्हणजे आकडे-अक्षरांत काढलेला ठसा नमूद करावा लागतो. फाइलमध्ये एक अक्षर बदलले तरी हा ठसा बदलतो. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने ऑक्टोबर २०२४ मध्ये, पतीने चोरून मिळवलेला पत्नीच्या कॉलचा तपशील नाकारताना, त्याने प्रमाणपत्रही स्वतःच दिल्याकडे बोट दाखवले होते. खासगीपणाविषयी त्या खंडपीठाने जे म्हटले ते आता सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापुढे टिकणारे नाही, परंतु प्रमाणपत्राबाबतची सावधगिरी टिकली पाहिजे. तालुक्याच्या वकिलाने पेन ड्राइव्ह पाहून घाबरण्याऐवजी आधी मूळ फोन मागावा, संपूर्ण फीत मागावी, मागचे-पुढचे संभाषण कुठे आहे ते विचारावे.

कोणत्या कोर्टात दावा आहे यानेही फरक पडतो, आणि तालुक्याच्या माणसाला तो कुणी सांगत नाही. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यातले कलम १४ त्या न्यायालयाला मोठी मोकळीक देते: पुरावा कायद्याच्या काटेकोर नियमांत बसो वा न बसो, वाद मिटवायला उपयोगी वाटेल ते त्याने पाहावे. मात्र अशी न्यायालये सक्तीची आहेत ती दहा लाखांवर वस्तीच्या शहरांसाठी. इतरत्र सरकारला गरज वाटेल तिथे. जिथे ती नाहीत तिथे हेच दावे नेहमीच्या दिवाणी न्यायालयात चालतात आणि कलम १४ ची मोकळीक तिथे नसते. म्हणजे तेच भांडण, तीच फीत, पण एका गावात ती सैल चाळणीतून जाते आणि दुसऱ्या गावात बारीक चाळणीतून.

फीत पुरावा म्हणून आत घेतली म्हणजे ती करणारा निर्दोष सुटला, असेही नाही. बाईच्या इंटरनेट, ई-मेल वा इतर इलेक्ट्रॉनिक संपर्कावर पुरुषाने पाळत ठेवणे हा २०१३ पासून आपल्याकडे गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेत तो आता कलम ७८ मध्ये आहे. त्या कलमात नवऱ्यासाठी वेगळा अपवाद लिहिलेला नाही. आपल्या संभाषणाचे मुद्रण ही एक गोष्ट झाली. बायकोच्या फोनमध्ये गुपचूप ॲप बसवून तिचे इतरांशी चाललेले बोलणे स्वतःकडे ओढून घेणे ही वेगळी. भटिंड्याचा निकाल पहिल्या गोष्टीबद्दल आहे. तो दुसरीला आपोआप लागू करण्याची घाई काही ठिकाणी दिसते, ती धोक्याची आहे. त्या दुसऱ्या प्रकारात मैत्रिणीचे, बहिणीचे, आईचे बोलणेही टिपले जाते आणि त्यांचा या दाव्याशी काडीचा संबंध नसतो. जर्मनीत दुसऱ्याचे खासगी बोलणे त्याच्या संमतीवाचून मुद्रित करणे हाच गुन्हा आहे. आपण तेवढे टोक गाठावे असे मी म्हणणार नाही, कारण त्या टोकाला छळ सोसणारी बाईच गुन्हेगार ठरू शकते. पण स्वतःच्या संभाषणाचा भाग असणे आणि दुसऱ्याच्या संभाषणात कान घालणे यांतली रेघ संसदेने कायद्यातच ओढून द्यायला हवी होती.

न्यायालयाला स्वतःला अशी रेघ ओढता येते हे पुण्याच्या एका प्रकरणात दिसले. पत्नीच्या फोनवरचे संदेश पाहून पतीला संशय आला. व्यभिचार सिद्ध करण्यासाठी त्याने मुलाची डी.एन.ए. चाचणी मागितली. पुण्याच्या कुटुंब न्यायालयाने ती दिली, मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश कायम ठेवला, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. निकाल देणाऱ्या दोघांत न्या. नागरत्ना होत्याच. आई-बापाच्या भांडणात मुलाच्या जन्माची चिरफाड पुरावा म्हणून करता येणार नाही, मुलाला स्वतःचा खासगीपणा आहे, असे तिथे ठामपणे सांगितले गेले. नवरा-बायकोच्या दाव्यात भाग नसलेल्या माणसाचा हक्क न्यायालयाने तिथे ओळखला. फोनमधल्या मैत्रिणीला आणि बहिणीला तोच न्याय लावायला काय हरकत आहे?

राहता राहिला गावाचा कान. सांगोल्यासारख्या ठिकाणी कोर्टातला कारकून कुणाचा तरी मेहुणा असतो, फोन दुरुस्त करणाऱ्याचे दुकान बाजारात असते आणि फीत सी.डी.वर उतरवून देणारा तोच असतो. न्यायाधीशांच्या आधी त्या दाम्पत्याचे बोलणे कितीजणांनी ऐकले असेल याचा हिशेब कुणी ठेवत नाही. झाकली मूठ उघडते ती बहुधा इथेच. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ ने या दाव्यांची सुनावणी बंद दाराआड घ्यायला सांगितले आहे आणि त्यातला मजकूर छापायला, प्रसिद्ध करायला मनाई केली आहे. मोबाइलवरून एक फीत चाळीसजणांच्या गटात पाठवणे म्हणजे प्रसिद्ध करणेच, हे वकिलांनी पक्षकारांना पहिल्याच भेटीत सांगितले पाहिजे. ही मनाई मोडणाऱ्याला कलमात शिक्षाही सांगितली आहे. दंड, जास्तीत जास्त एक हजार रुपये.